शिकंज्यात घातलेला हात

उस्तादांचं सायकल दुरुस्तीचं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं: हलत नसेल तर तेल घाल, तरी हलत नसेल तर जोर लाव. याच बळावर त्यांनी दुकान चालवलं, संसार रेटला आणि एकदा शेजाऱ्यांचं अडलेलं फाटकही उघडून दिलं. ते फाटक त्यानंतर कधी बंद झालं नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे मनगट मोडल्यावर घातलेलं प्लास्टर निघालं आणि उजव्या हाताची बोटं फळीसारखी ताठ दिसली, तेव्हा उस्ताद डगमगले नाहीत. त्यांनी साखळीचं तेल आणून बोटांना चोळलं. उशी काळी झाली, बायको लाल झाली, बोटं जिथल्या तिथे.

दुकान तोवर मेहुणा सांभाळत होता. बोलायला गोड, कामाला हौशी. पण वाकड्या चाकाचा आऊट काढणं त्याच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. त्याने सरळ केलेल्या चाकावरून सभ्य माणूसही झिंगल्यासारखा घरी पोचायचा. गिऱ्हाइकं आधी भांडायला येत, मग भांडायलाही येईनाशी झाली. चाक सरळ करायची आऱ्यांची चावी असते एवढीशी. ती धरायला अंगठा आणि तर्जनी एकत्र यावी लागतात. उस्तादांची ही दोन बोटं वाटण्या झालेल्या भावांसारखी एकमेकांना लांबूनच बघत होती. एके सकाळी मेहुण्याने मोठ्या मायेने सुचवलं की भाओजींनी आता नुसतं गल्ल्यावर बसावं. मोडलेलं हाड दुखलं नव्हतं इतकं ते उस्तादांना लागलं.

त्याच दुपारी, दुकानातल्या बाकावर बसवलेल्या, नळ्या आवळून धरायच्या लोखंडी शिकंज्यात त्यांनी आपला हात घातला. मूठ वळत नाही म्हणजे काय? डाव्या हाताने दांडा फिरवला. बायको डबा घेऊन आली तेव्हा उस्ताद बाकाला अडकून घामाघूम उभे होते आणि यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मेहुण्याला समजावत होते.

हात टम्म फुगला. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने तो उलटसुलट पाहिला आणि शिकंज्याची हकीकत ऐकून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. हसू आवरल्यावर म्हणाली, “काका, सांधा गंजत नाही. बरेच दिवस हलला नाही की भोवतीचं आवरण आखडतं. ते थोडं थोडं ताणायचं. झटका दिला की ते दुखावतं, सुजतं आणि आणखी आखडतं.”

थोडं थोडं करत बसलो तर दुकान मेहुण्याच्या घशात जाईल, असं उस्ताद पुटपुटले. मेहुण्याची बहीण शेजारीच बसली होती.

“अहो, वाकडं चाक एका आऱ्यावर जोर काढून सरळ करता का? पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मधे चाक फिरवून बघायचं. यावरून माझ्या भावाचा उद्धार करता रोज. मग स्वतःच्या हाताला वेगळा कायदा?”

उस्तादांनी मान डोलावली. त्यांच्या लग्नाच्या इतिहासात हे नवीन होतं.

मग कोमट पाण्यात हात बुडवणं आलं, एकेक बोट वळवणं आलं, स्पंज दाबणं आलं. दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळलं तर आदला फेरा जास्त झाला, हा हिशेब त्यांना चटकन पटला. मुलीने घरच्यांनाही ताकीद दिली होती: मदत करायची नाही. शर्टाची बटणं लावता लावता उस्ताद दुकान उघडायची वेळ चुकवत आणि बायको दारात उभी राहून विचारी, “आज निघताय की उद्याचाच शर्ट काढून ठेवू?”

शेवटी एकदा चावी त्यांच्या चिमटीत टिकली. करंगळी अजून हट्टाने बाहेर होती, पण बाकीची मंडळी कामाला लागली होती. पाव फेरा, थांबायचं, हाताला विसावा, चाक फिरवायचं, पुन्हा पाव फेरा. एका चाकाला दुपार गेली. स्टुलावरचं गिऱ्हाईक चुळबुळत म्हणालं, “उस्ताद, मेहुणे तर लवकर देतात.”

“देतो ना. त्याच्याकडून घ्यायचंय?”

गिऱ्हाइकाने घाईघाईने स्टूल जवळ ओढलं आणि म्हणालं, “सावकाश होऊ द्या.”