चर्चच्या आवारातले तीन गाळे

आमच्या हिंगोलीच्या लहानशा चर्चमध्ये कमिटीची बैठक झाली, की ठराव वहीत जातो आणि बोलणं हवेत. त्या कमिटीत बरीच वर्षं मी एकटी बाई. हवेत गेलेलं बोलणं माझ्याकडेच साचत गेलं. त्यातलं हे गाळ्यांचं.

हिंगोली नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. आवारात आमचं मुलींचं वसतिगृह. पुसेगावकडच्या, हट्ट्याकडच्या चौदा मुली, सगळ्या जातीधर्मांच्या, तिथं राहून शाळा शिकायच्या. बाहेरून येणारी मदत बंद झाली. जूनचा किराणा भरता आला नाही, तर मुलींना घरी पाठवायचं, एवढं स्पष्ट होतं. रस्त्याकडच्या मोकळ्या जागेत तीन गाळे काढू, भाड्यावर वसतिगृह चालवू, असं पाळकसाहेबांनी सुचवलं.

एक वडीलधारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, येशूनं तर व्यापाऱ्यांना मंदिरातून हाकललं होतं. मग पोस्टातून निवृत्त झालेले आमचे योहानमामा सावकाश बोलले, "हाकलून बाहेरच काढलं नव्हं? आमी तर आधीच बाहेर बसवून राहिलो."

ठराव पास झाला!

* * *

बांधकाम गौतम मिस्त्रींकडे दिलं. मजूर परवडेनात, म्हणून उपासना झाली की आम्ही बायाच विटा द्यायचो. एकदा पाहते तर मिस्त्री कालचीच भिंत उतरवत होते. ओळंबा जरासा चुकला होता म्हणे. मी म्हटलं, मिस्त्री, जून तोंडावर आलाय, घाई करा.

"ताई, माझी लेक इथंच वसतिगृहात ऱ्हाते. ही भिंत पडली तर माझ्या घरातच पडंल."

त्यानंतर मी विटाच देत राहिले.

* * *

पहिलं गिऱ्हाईक आलं ते दारूच्या दुकानासाठी. भाडं दुप्पट द्यायला तयार. कमिटीतले काही जण लगेच हिशोब मांडायला लागले. खरं सांगते, मलाही तेव्हा फक्त जूनच दिसत होता. पाळकसाहेबांनी त्याला हो-नाही काही न म्हणता संध्याकाळी जागा बघायला बोलावलं, नेमकं शाळा सुटायच्या वेळी.

तो फाटकात उभा. एकेक मुलगी दप्तर सांभाळत आत येत होती आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे "सलाम, काका" म्हणून पुढे जात होती. चौदा वेळा!

शेवटी म्हणाला, गाळा लहान पडतो. मापं त्याला आम्ही आधीच दिलेली होती.

* * *

दोन गाळे शिंप्यानं आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानदारानं घेतले. कोपऱ्यातल्या गाळ्यासाठी मात्र पाच जण आले. बोली लावायची ठरली. रक्कम एकदाच द्यायची, भाडं वेगळं.

आता बोलीची आम्हाला एकच पद्धत ठाऊक, कापणीच्या सणाची. सणाला कोणी भोपळा अर्पण करतं. जो बोली जिंकतो तो पैसे देतो आणि भोपळा परत टेबलावर ठेवतो. पुन्हा बोली. एकच भोपळा चार-चारदा विकला जातो.

गाळ्याची चावी टेबलावर ठेवली. दर सणाला पुढे असणारे योहानमामा सवयीनं बोली वाढवत गेले आणि जिंकले! त्यांना गाळा करायचा काय? त्यांनी पैसे दिले, चावी परत टेबलावर ठेवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाहेरची माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

दुसऱ्यांदा त्या पाचांतले हट्ट्याचे मारोतराव जिंकले. गिरणी टाकायची म्हणून म्हैस विकून आले होते. त्यांनी पैसे मोजून दिले. जून, जुलै दोन्ही महिन्यांचा किराणा निघाला. चावी हातात घेऊन ते हळूच मला म्हणाले, "ताई, मामानं चावी परत काहून ठेवली?"

मी रीत सांगितली. पोरींच्या जेवणासाठी असं करतो, पण तुम्हाला बंधन नाही, चावी तुमची आहे, असंही सांगितलं.

ते उठले आणि चावी टेबलावर ठेवून आले.

"मंग लावा पुन्हा बोली."

पाळकसाहेबांनी पुकारलं. एकदा. दोनदा. तीनदा.

हॉल गच्च भरलेला होता. आमच्यातल्या कोणी बोली लावली नाही. बाहेरून आलेले बाकीचे चौघंही खाली बघत बसून राहिले, आणि चावी मारोतरावांकडेच परत गेली.