बांधावरची खुर्ची

माझी मुलगी हिंजवडीला नोकरीला आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसात इटलीहून एक बाई वर्षभराच्या कामासाठी आली. येताना तिनं आपल्या सत्तरी ओलांडलेल्या आईलाही आणलं. लेक दिवसभर ऑफिसात, आई जवळच्या चांदे गावातल्या एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये. खिडकीतून दुसरी उंच इमारत दिसायची. "आई, तू इंग्रजी शिकवलंस जन्मभर," माझी मुलगी म्हणाली, "तिच्या आईही शाळेत इंग्रजीच शिकवायच्या. भुकूमला घरी बसून शब्दकोडी सोडवण्यापेक्षा त्यांना जरा फिरवून आण."

पाहुण्यांना फिरवण्याची आपली यादी ठरलेली असते. ती कुणी केली ते माहीत नाही, पण ती मोडायची हिंमत कुणाला होत नाही. मीही मोडली नाही. पहिल्यांदा तिला पुण्यातला वाडा दाखवला. तिथं बघायला मुख्यतः दरवाजा आहे, आतलं सगळं कधीच जळून गेलं. तिनं पाटी नीट वाचली, जोत्यांभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "म्हणजे हा दरवाजा नेमका कशाचा?"

"अभिमानाचा," मी म्हणाले.

ती इतकी हसली की पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. तिच्या गावातही असा एक दरवाजा आहे म्हणे. आमची मैत्री तिथं जमली.

मग मुळशीचं धरण. तिथं ती पाणी बघत उभी राहिली आणि पाच मिनिटांत तिच्याभोवती कणसं खाणारी चार-पाच कुटुंबं जमली. सगळ्यांना तिच्यासोबत फोटो हवा होता. एकीनं आपलं तान्हं बाळ तिच्या हातात दिलं आणि ती स्वतः चौकटीबाहेर उभी राहून फोटो काढू लागली. माझी पाहुणी धरण बघायला आली होती, पण खरं म्हणजे धरणावर आलेली माणसंच तिला बघून गेली.

तिसऱ्यांदा माझ्या मुलीच्या आग्रहानं आम्ही एका रिसॉर्टात गेलो. तिथं 'गावाकडचा अनुभव' मिळतो. दारात फेटा बांधतात, तुतारी वाजवतात, सिमेंटच्या भिंतीवर शेणाचा रंग दिलेल्या झोपडीत बसवून पिठलं-भाकरी वाढतात. बैलगाडी पार्किंगला वळसा घालून परत येते. गाडीवानाच्या धोतराखालून जीनची पँट दिसत होती. माझी पाहुणी फेटा सांभाळत गाडीत बसली आणि तिनं हळूच विचारलं, "आणि खरं गाव?"

"भिंतीपलीकडे," मी म्हणाले. "तिथं तिकीट नाही, म्हणून कुणी जात नाही."

त्या दिवशी परत येताना आम्ही मुठा खोऱ्याच्या रस्त्यानं आलो. जुलैचे दिवस होते. खाचरं पाण्यानं भरलेली, चिखलणी झालेली, आणि एका खाचरात बायका ओळीनं वाकून भाताची रोपं लावत होत्या. पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी. ती गाडीत एकदम पुढं सरकली. "थांबवा," म्हणाली. याआधी तिनं कुठंच गाडी थांबवायला सांगितलं नव्हतं.

आम्ही काचेतून बघत राहिलो. बायका गात होत्या. एक म्हणायची, बाकीच्या उचलायच्या. शब्द कळत नव्हते, मलासुद्धा.

मग तिनं सांगितलं. तिच्याकडे उत्तरेला भाताची मोठी मैदानं आहेत. तिची आई मुलगी असताना दर वर्षी आगगाडीनं लांबवर तिथं जायची, इतर गरीब घरच्या मुलींबरोबर. गुडघाभर पाण्यात उभं राहून रोपं लावायची, तण काढायची. गायचीसुद्धा. पुढं लग्न झालं, शहरात आली, आणि ते गाणं तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही. माझ्या पाहुणीनं लहानपणी हट्ट केला तर आई म्हणायची, ते उभ्यानं येत नाही. पाठ वाकलेली असली की येतं. लेकीला तिनं कधी चिखलात पाय घालू दिला नाही. मी उभी राहिले ते तू उभं राहू नयेस म्हणून, असं तिचं म्हणणं. "आता तिथं सगळं यंत्र करतं," माझी पाहुणी म्हणाली. "आई गेली. मी शिक्षिका झाले, पेन्शन घेते. पण ती कुठं उभी होती ते मला पायाला कळलेलं नाही. एकदा उतरायचं आहे. पाचच मिनिटं."

इतकं साधं मागणं मी कुठल्या पर्यटकाकडून ऐकलं नव्हतं. आणि ते पुरवणं माझ्या हातात होतं, कारण त्याच खोऱ्यातल्या मुठा गावच्या एका शेतकऱ्याकडून मी दर वर्षी तांदूळ घेते. त्याला मी दादा म्हणते आणि त्याच्या बायकोला वहिनी. दोघं मला मॅडम म्हणतात.

मी फोन केला. स्पष्ट सांगितलं, की पाहुणीला नुसतं बघायचं नाही, खाचरात उतरून चार रोपं लावायची आहेत, तिची आई हेच काम करायची.

"व्हय व्हय, आणा की," दादा म्हणाले. "परवा आमची आवणी हाय. जेवायलाच या."

आवणी म्हणजे भाताची लावणी. मला वाटलं, झालं काम.

ठरल्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्यालाच पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ छत्री धरून उभे होते. दादांचे चुलतभाऊ. सगळे त्यांना अध्यक्ष म्हणत होते. कशाचे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि बहुधा त्यांनाही अजून ठरवायचं होतं. परदेशी पाहुणी येणार हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे पाहुणी आता दादांची राहिली नव्हती. गावाची झाली होती.

खाचराच्या बांधावर एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली होती. त्यावर नवा टॉवेल अंथरलेला. टॉवेलावरचं दुकानाचं लेबल तसंच होतं. खुर्चीचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून खाली फरशीचे तुकडे ठेवले होते. एवढ्या पावसात कुणीतरी ते तुकडे आणून, तोलून, सारखे करून लावले होते. त्या खुर्चीवर रागावणं अवघड होतं.

बायका खाचरात उभ्या होत्या, पण त्या दिवशी रस्त्यावरून दिसलेल्या बायकांसारख्या नाही. पाहुणी येणार म्हणून चांगली लुगडी नेसून आल्या होत्या आणि ती भिजू नयेत म्हणून सावरून उभ्या होत्या. एकमेकींच्या आड तोंड लपवून हसत होत्या.

"काय गं बये, किती गोरी!"

"तुला बघून तिलाबी वाटत आसंल, काय गं बये किती काळी!"

अध्यक्ष दोन शब्द बोलले. ते दोन नव्हते. मग तिला त्या खुर्चीत बसवून शाल, नारळ, गुलाबाचा हार. पावसात शाल भिजून जड झाली आणि तिच्या खांद्यावरून घसरू लागली, तशी वहिनींनी ती पुन्हा नीट केली. पाहुणीनं नारळ मांडीवर धरला. तिच्या पायात रबरी चपला होत्या. सकाळी मुद्दाम घातलेल्या, लगेच काढता येतील अशा.

ती उठली आणि खाचराकडे बोट दाखवून म्हणाली, "मी?"

"न्हाई न्हाई न्हाई!" दादा धावले. "आजी, तुमी बसा. पाय घसरंल."

मी पुन्हा सांगितलं. दादा हसले. "अवो मॅडम, त्या म्हननारच. मोठ्या मनाच्या हायेत. आपन कसं उतरू द्यायचं? पाव्हणी हाय. उद्या गावात कुनी इचारलं, पाव्हणीला कामाला लावलं का, तर?"

ती बसली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, या वेळी वहिनींना. वहिनींनी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून प्रेमानं खाली बसवलं. "बसा तुमी निवांत. आमी हाय की."

आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. पाहुण्यानं भांडी घासायला उठायचं, यजमानानं त्याला बसवायचं. पाहुण्यानं पुन्हा उठायचं. तिसऱ्यांदा ओढाओढीत भांडं पाहुण्याच्या हातात राहिलं तर राहिलं, सगळे हसतात आणि घासू देतात. तिसऱ्यांदा मागितल्याशिवाय आपण कुणाचं मागणं खरं धरत नाही. वहिनी तिसऱ्या वेळेची वाट बघत होत्या, असं मला आजही वाटतं. पण माझ्या पाहुणीच्या गावी यजमानानं दोनदा नाही म्हटलं तर तो विषय संपतो. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला पेचात टाकणं. ती सभ्य बाई होती. ती सभ्यपणे बसून राहिली.

बायकांनी तिच्या समोरचा पट्टा लावून दाखवला. सगळं कसं नीट, ओळ सरळ, हात भरभर. फक्त गाणं नव्हतं. दादांनी दोनदा ओरडून सांगितलं, "म्हना की गं!" पण पाहुणीच्या समोर त्यांना लाज वाटत होती. अध्यक्ष फोटो काढत होते.

पाऊस वाढला तशी आम्हाला घरात नेलं. वहिनींनी चुलीवर भाकरी केल्या, खेकड्याचा रस्सा केला, तिला तिखट लागू नये म्हणून वेगळा दूधभात. जेवण अप्रतिम होतं. निघताना पाहुणीनं अंगणातल्या नळाखाली हात धुतले आणि क्षणभर आपल्या चपलांकडे बघितलं. त्या स्वच्छ होत्या. बांधापासून घरापर्यंत तिच्या वाटेवर पोती अंथरली होती.

गाडीत बसल्यावर तिनं खांद्यावरची ओली शाल काढून घडी घातली. मग म्हणाली, "फार चांगली माणसं आहेत."

"हो," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात तिच्या लेकीचं इथलं काम मुदतीआधी संपलं आणि दोघी परत गेल्या. आवण्या उरकत आल्या होत्या. आम्ही एकमेकींना सांगितलं, पुढच्या वर्षी. असं आपण त्या वाड्यासारख्या दरवाज्यांपुढे उभं राहूनच म्हणतो.

दिवाळीनंतर मी तांदूळ आणायला गेले तेव्हा वहिनींनी पाहुणीची चौकशी केली. मी सगळं सांगितलं, आईचं, गाण्याचं, पाच मिनिटांचं. वहिनींचा सुपानं पाखडता हात थांबला.

"खरंच उतरायचं हुतं त्यास्नी?"

"खरंच."

"मग तिसऱ्यांदा का इचारलं न्हाई वो त्येंनी? आमी दोन्ही अंगानं धरून उतरवलं आसतं." सूप खाली ठेवून म्हणाल्या, "बिन आईची लेक ती. आन् आमी खुर्चीत बशिवली." मग पुन्हा पाखडू लागल्या. "पुढच्या सालाला बोलवा. ती खुर्ची मी सवता चुलीत घालते."

"प्लॅस्टिकची आहे, वहिनी."

"मग अध्यक्षाला देते."

मी कळवलं. पाहुणी मनापासून तयार होती. मग त्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दादांच्या भावांनी वाटणी मागितली. रस्त्याकडेचं ते खाचर एकत्र विकलं गेलं. आता तिथं भराव टाकून प्लॉट पाडलेत, कमान उभी राहिली आहे आणि कमानीवर हिरवाईचं काहीतरी इंग्रजी नाव आहे. आत अजून एकही घर नाही. दरवाजा मात्र आहे.

दादा-वहिनी आता भुकूमला लेकाच्या फ्लॅटमध्ये असतात, माझ्यापासून दोन सोसायट्या पलीकडे. वहिनी बाल्कनीत कोथिंबीर लावतात. गेल्या महिन्यात, जुलैतच, पाहुणीचा निरोप आला. खाचरं भरली का, आणि त्या बाईंची आवणी कधी आहे. मी काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून वहिनींकडे गेले. म्हटलं, निदान आवणीचं ते गाणं म्हणा, मी फोनवर घेते आणि पाठवते. तेवढं तरी तिला मिळू दे.

वहिनी आधी लाजल्या. मग ओट्याला टेकून, पदर खोचून त्यांनी सुरुवात केली. पहिली ओळ चांगली आली. दुसरी अर्ध्यावर तुटली. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथंच. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, समोर दुसरी इमारत होती.

"न्हाई वो मॅडम," त्या म्हणाल्या. "उभ्यानं न्हाई येत हे."

मी तेवढंच पाठवलं, त्या शेवटच्या वाक्यासकट. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. आवाज किती सुंदर आहे, तिनं लिहिलं होतं, मी पुन्हा पुन्हा ऐकते आहे. आणि शेवटी त्या काय म्हणाल्या?

इंग्रजीत ते एका ओळीचं भाषांतर आहे. जन्मभर मी तेच काम केलं. ती ओळ अजून माझ्याकडून लिहून झालेली नाही.