समईची चिंच
समई घासायला चिंच भिजवली, की त्या आंबूस वासाबरोबर मल्लेश्वरममधलं आमचं भाड्याचं घर आठवतं. सासूबाई पहिल्यांदाच राहायला येणार होत्या आणि बोअरच्या पाण्याने कमोडमध्ये पडलेला गंजाचा तांबूस ओघळ काही केल्या निघेना. मी रडकुंडीला आले. इतक्यात खाली राहणाऱ्या घरमालकीण अक्का, एरवी कडक सोवळ्याच्या, देवाची भांडी घासून उरलेला चिंचेचा कोळ घेऊन वर आल्या. ‘‘अक्का, देवाची चिंच इथे?’’ मी दचकलेच. ‘‘चिंचेला काय कळतं? स्वल्प थांब आता, थोडा वेळ,’’ आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणत त्यांनी स्वतःच तो ओतला. दुपारभर आम्ही जिन्यात चाफ्याच्या वासात बसून राहिलो. उन्हं कलल्यावर घासून पाहिलं, तर पांढऱ्या भांड्यात नुसता उजेड उरला होता. सासूबाईंना हे मी कधीच सांगितलं नाही. समईसाठी चिंच मात्र अजून मूठभर जास्तच भिजवते.