ओल्या पावडरीचं माप

लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं मी एकच काम करत होते. लँथॅनम या दुर्मिळ धातूच्या ऑक्साइडची पांढरी पावडर आणि बोरिक ॲसिड (तेच ते, कॅरमबोर्डावर टाकतात ते) ठरल्या मापात मिसळायचं, भट्टीत वितळवायचं आणि तासाला दोन अंश अशा रडत-रखडत गतीनं थंड करायचं. त्यातून बोरेटचा स्वच्छ स्फटिक निघाला, की क्ष-किरणांनी त्याची आतली रचना शोधायची. माझ्या नशिबी मात्र दर वेळी काचेचा गोळा! स्फटिक नाही तर प्रबंध नाही, आणि मुदतीचे तीन महिने उरलेले.

"हात स्वच्छ नाही तुझा," माझे मार्गदर्शक सर म्हणायचे. कृती त्यांचीच होती. सोलापुरात विद्यार्थी असताना त्यांनी लिहिलेली वही आम्ही सगळे पोथीसारखी पाळायचो. 'बाटली उघडताच तोलावे,' मी तोलत होते. रविवारीही भट्टी सोडता यायची नाही. खिडकीखाली पर्यटकांच्या गाड्या तुंबलेल्या असायच्या आणि मला त्यांचाही हेवा वाटायचा. संध्याकाळी त्या निदान सुटणार होत्या.

एकदा घरी, आमच्या नवलाख उंबरे गावात, जेवताना आईला म्हटलं, "आमटी अळणी झालीय."

"मीठ ओलं झालंय गं. पावसात हितं निम्मं पानीच आसतंय त्यात. चमचा तेवढाच, पन मीठ कुटंय?" असं म्हणून तिनं तव्यावर मीठ भाजायला घेतलं.

माझा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी पावडर आधी भट्टीत कडक तापवली आणि मग तोलली. दहा ग्रॅमची पावणेनऊ भरली. म्हणजे दोन वर्षं मी पाणी तोलत होते! सोलापूरच्या कोरड्या हवेतली कृती इथल्या दमट हवेत कशी चालणार? लँथॅनम कमी पडायचं, बोरिक ॲसिडमधलं बोरॉन वरचढ व्हायचं आणि सगळ्याची काच व्हायची. इतका संताप आला की तिथंच रडले.

पण सरांना सांगायचं कोणी? चोरून पावडर भाजून स्फटिक काढता आला असता. मात्र प्रबंधात कृती त्यांचीच लिहावी लागली असती, आणि माझ्यामागून येणारी पोरगीही इथंच अडकली असती. चार दिवस गप्प बसले. पाचव्या दिवशी दोन्ही वजनं कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवली.

सरांनी कागद पाहिला. मग वही ओढून ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'आधी भाजावे.'

"हात स्वच्छ आहे तुझा," ते म्हणाले. "मीच ओरडत राहिलो."

हे ऐकायला मी दोन वर्षं तडफडले होते. ऐकलं, आणि आनंद काही झाला नाही. मी भट्टी लावली, पहिल्यापासून.