नर्मदाबाईंना न दिसलेली शोभेची दारू

थडी सावरगावात जुनी शोभेची दारू चांगली होती की नवी, यावर ज्याला त्याला बोलायचं असायचं. चैत्रात मारुतीची जत्रा झाली की मृगापर्यंत पारावर, ओसरीवर, सोनपेठच्या बाजाराला निघालेल्या एसटीत तोच विषय. आमच्या शेजारच्या नर्मदाबाई तेवढ्या गप्प असायच्या. लोक म्हणायचे, बाई मोठी शांत. शांत कसली! जुनी असो की नवी, त्यांना एकही धड दिसलेली नव्हती, आणि त्याचा राग त्यांनी किती वर्षं पोटात ठेवला होता ते आम्हा शेजारणींनाच माहीत.

त्यांचं माहेर पाथरीचं. लहानपणी शाळेच्या वाटेवर दारूवाल्या उस्तादांचं आवार लागायचं. तिथं बांबूचे मोठमोठे सांगाडे उभे असायचे. कुठे किल्ल्याचा बुरूज, कुठे ताडाचं झाड, कुठे बैलगाडीच्या चाकाएवढी चक्री. उन्हात कागदाच्या नळ्या वाळत पडलेल्या. नर्मदाबाई कुंपणाला नाक लावून बघत उभ्या राहायच्या. पेटलेलं मात्र त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, कारण हा माल बाहेरगावच्या जत्रांना जायचा. लग्न ठरलं तेव्हा कळलं की सासरच्या जत्रेला याच उस्तादांची दारू असते. नवऱ्याचं नाव ऐकून झाला नसेल एवढा आनंद त्यांना त्या बातमीने झाला.

लग्न झालं अठ्ठ्याहत्तर साली, आणि लगेच चैत्रात जत्रा आली. दिनकररावांचं घर जमीनजुमल्याचं, शिवाय ते जत्रेच्या पंचात. अशा घरच्या सुनेनं गर्दीत बसायचं नाही. सासूबाईंनी, लक्ष्मीबाईंनी, छकड्याला जाजम बांधून पडदा केला आणि सुनेला आत बसवून छकडा मैदानाच्या पार टोकाला उभा केला.

"आत्याबाई, हितून काईच दिसंना की," नर्मदाबाई म्हणाल्या.

"आवाज येतो ना? मग झालं. आमी बी असंच बगितलं," सासूबाई म्हणाल्या.

त्या वेळची दारू जमिनीवरची. किल्ला पेटायचा, झाडाला फुलं लागायची, चक्री फिरायची, मधे उस्ताद विडी ओढून यायचे, मग धबधबा सुटायचा. तास-दीड तास तमाशा चालायचा. पण जमिनीवरचं बघायला पुढे बसावं लागतं. जाजमाच्या फटीतून नर्मदाबाईंना पुढच्या माणसांचे पटके दिसले आणि पटक्यांच्या कडा लाल झालेल्या दिसल्या. किल्ला पेटला तेव्हा सगळं मैदान ओरडलं. त्यांनी पडदा जरा बाजूला सारला, तर सासूबाईंनी हातावर चापट मारली.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा दंगा झाला. जवळच्या एका गावात दलित वस्तीतली घरं जाळली गेली. पुढच्या चैत्रात गावानं नुसती पालखी काढली. दारूचं नाव कुणी घेतलं नाही. आग बघायला कोण बसणार होतं?

नंतरची वर्षं लेकरांत गेली. एक पाळण्यात, एक कडेवर, आणि दारूच्या बारांचे आवाज सुरू झाले की दोघंही रडायची. नर्मदाबाई दारं लावून, लेकरांचे कान दाबून आतल्या खोलीत बसायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई यायची. ही शेजारच्या गल्लीतली ऊसतोडीला जाणारी बाई. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जत्रेच्या आधी गावी परतायची आणि जत्रेत सगळ्यांच्या पुढे, धुळीत मांडी घालून बसायची. तिला कोण अडवणार?

"वैनी, किल्ला असा पेटला म्हणता! वरच्या बुरजावरून ठिणग्या, खालच्या दारातून ठिणग्या. तुमी आल्ता का न्हाई?"

"न्हाई बाई. तू सांग."

बायना हातवारे करून सांगायची आणि नर्मदाबाई भाकरी थापत ऐकायच्या. ऐकता ऐकता थापटीचा जोर वाढायचा आणि भाकरी फाटायची.

लक्ष्मीबाई वारल्या. लेकरं शाळेत जायला लागली. आता कुणी पडदा बांधणारं उरलं नव्हतं. पण त्याच सुमारास पंचात माणिकराव आले. तरुण माणूस, नांदेडला शिकलेला. त्यांनी बांबूचे सांगाडे बंद केले. "कुठं ते वाळलेलं झाड पेटवत बसायचं!" ते म्हणाले. बाहेरून तयार माल आणला. भोंग्यावर कॅसेट लागली, आणि एकामागून एक बाण आभाळात. लाल, हिरवे, सोनेरी. गाव मान वर करून बघतच राहिलं. बघता बघता संपलंही.

नवीन दारू आली तसे नवीन पाहुणेही आले. तालुक्याचे साहेब, त्यांच्या ओळखीचे, ओळखीच्यांचे सोयरे. जीपमधून उतरायचे, दारू बघायचे आणि दिनकररावांच्या घरी जेवायचे. पुऱ्या गरम पाहिजेत. म्हणजे सगळं गाव आभाळाकडे बघत असताना नर्मदाबाई कढईत बघत होत्या.

एका वर्षी त्यांनी कणीक आधीच मळली, भाजी उतरवली, जावेच्या हातात झारा दिला आणि पहिला बार ऐकताच पदर खोचून निघाल्या. मैदानाच्या तोंडाशी पोचल्या तर समोरून लोकांचा लोंढा परत येत होता. त्यात बायना.

"कुठं जायलात वैनी?"

"दारू बगायला!"

"झाली की."

"झाली? आत्ताच तर पहिला आवाज आला!"

"आवं, आताची अशीच आसती. पैली दारू बरी होती, जेवून गेलं तरी सापडायची."

नर्मदाबाई तशाच माघारी आल्या. ओसरीवर दिनकरराव आणि माणिकराव यांचं जुंपलेलंच होतं. दिनकरराव जुन्याचे, माणिकराव नव्याचे. एक म्हणे किल्ल्याची सर कशालाच नाही. दुसरा म्हणे किल्ला पुढच्या चार रांगांनाच दिसायचा, आभाळ सगळ्यांना दिसतं. हे शेवटचं वाक्य ऐकून नर्मदाबाईंनी पुऱ्यांची परात अशी आदळली की साहेबांच्या पानातलं वरण हललं.

त्र्याण्णव साली त्यांनी सरळ सांगितलं, "या खेपेला पुऱ्या दुपारीच तळणार. गार खातील."

"पाहुणे काय म्हणतील?" दिनकरराव म्हणाले.

"पुऱ्या गार हायत म्हणतील."

संध्याकाळी नर्मदाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बायनाबरोबर निघाल्या आणि मैदानात पुढे जाऊन भुईवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा पुढे आड येणारं काही नव्हतं. तोच भुजंग नावाचा स्वयंसेवक पळत आला. माणिकरावांचा पुतण्या, छातीला बिल्ला.

"काकू, तुमी खाली कामून बसल्या? उठा, खुर्च्या ठिवल्यात घरच्या मंडळीला."

"हितंच बरी हाय मी."

"काका रागवतील मला. चला ना!"

चार लोक बघायला लागले म्हणून त्या उठल्या. भुजंगानं त्यांना मानानं नेऊन मांडवात बसवलं. मांडव चांगला झालरीचा, वरून गच्च कापड ताणलेलं. शेजारी साहेबांच्या मंडळी. पहिला बाण सुटला, वर फुटला, आणि नर्मदाबाईंना मांडवाचं कापड हिरवं झालेलं दिसलं. दुसरा फुटला, कापड लाल झालं. बाहेर पोरं "ओऽऽ" करून ओरडत होती. त्यांनी वाकून बघितलं, तिरकं होऊन बघितलं. झालर मधे येत होती. साहेबांच्या मंडळी म्हणाल्या, "छान आहे नाही?" नर्मदाबाई उठल्या. खुर्च्यांच्या रांगेतून, लोकांच्या पायावर पाय देत, त्या बाहेर पडल्या आणि वर बघितलं. आभाळात धुराचा मोठा पांढरा गोळा पूर्वेकडे सरकत होता. भोंग्यावर आभार मानणं चालू झालं होतं.

घरी पाहुणे जेवून गेले. पुऱ्या गार असल्याचं कुणी बोललं नाही. मग ओसरीवर नेहमीचा वाद सुरू झाला. किल्ला, बाण, किल्ला, बाण. नर्मदाबाई चहा घेऊन आल्या, कपबशा खाली ठेवल्या आणि परत गेल्या नाहीत.

"एक विचारू का? तुमची जुनी मी जाजमाआडून बगितली. तुमची नवी मांडवाखालून बगितली. मधली सगळी कढईफुडं गेली. मला ना हे दिसलं, ना ते. आन् तुमी दरसाली माझ्या ओसरीवर, माझा चहा पिऊन, चांगलं कोणतं म्हणून भांडता!"

माणिकराव हसायला लागले, पण दिनकररावांचा चेहरा बघून थांबले.

"आगं, सांगायचं नव्हतं का मग?" दिनकरराव म्हणाले.

"सांगितलं की. आत्याबाईला सांगितलं, तुमाला सांगितलं. ऐकायला कुणाला सवड होती?"

चौऱ्याण्णवच्या चैत्रात पाहुण्यांची जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकली. नामांतर होऊन थोडेच महिने झाले होते, पोलिसांची गाडी वेशीजवळ उभी होती. बाकी जत्रा नेहमीसारखीच भरली. नर्मदाबाई मैदानाच्या मधोमध सतरंजी टाकून बसल्या. कुणी उठवायला आलं नाही. भुजंग लांबूनच नमस्कार करून गेला.

दारू सुरू झाली. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी बघितली. मान दुखली, डोळ्यांत राख गेली, पण नजर काढली नाही. शेवटचा बाण सगळ्यात मोठा होता. तो फुटला आणि झालं.

"कशी वाटली?" बायनानं विचारलं.

नर्मदाबाईंनी दुखरी मान चोळली. "लय घाई हाय हिला," त्या म्हणाल्या. "एक बगून होत न्हाई तर दुसरा. नीट बगूच देत न्हाईत. बायना, तो किल्ला पेटायचा ते किती वेळ चालायचं गं?"

"लय वेळ. एक एक बुरूज."

पुढच्या आठवड्यात त्या माहेरी गेल्या. पाथरीत उतरल्या त्या आधी दारूवाल्यांच्या आवाराकडे गेल्या. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा वेल्डिंगचं काम करत होता, आवारात लोखंडी गेटं उभी होती. "किल्ला करता येतो का?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "अम्मा, ते सगळं अब्बासंगं गेलं. आमाला न्हाई येत." त्यानं पाणी दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच प्यायलं.

ही हकिकत दिनकररावांच्या कानावर गेली, आणि त्यांना फार आनंद झाला. पारावर, एसटीत, सोनपेठच्या बाजारात ते सांगत सुटले, "आमच्या घरातून बी आता जुनीच चांगली म्हणतेत. किल्ला करून घ्यायला पाथरीला गेल्त्या."

ते ऐकून माणिकराव घरी आले. "काय वैनी, तुमी बी जुन्याच्या बाजूच्या निघाल्या की!"

नर्मदाबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. सूप थांबलं.

"मी जुनी चांगली म्हणले न्हाई," त्या म्हणाल्या. "मला बगायची होती, एवढंच म्हणले. ओसरीवर बसलेत त्याह्यला सांगा, माझं नाव घेऊन भांडू नका."

माणिकरावांनी मान हलवली आणि ओसरीवर दिनकररावांजवळ जाऊन बसले. थोड्याच वेळात दोघांचे आवाज चढलेले अंगणात ऐकू आले, आणि मधूनमधून नर्मदाबाईंचं नाव.