माशांचा उपास

सासूबाई टाकीजवळ गेल्या की सगळे मासे काचेशी गोळा होतात. तोंडं उघडतात, मिटतात, जणू जन्माचे उपाशी. पूर्वी त्यांना हे बघवायचं नाही. दारात आलेल्या कोणालाही त्या रिकामं पाठवत नाहीत, मग घरच्यांना कसं ठेवतील? येता-जाता त्या पोळीचा चुरा टाकायच्या. तो तळाशी कुजला, पाणी गढूळ झालं आणि एका सकाळी त्यांचा लाडका नारिंगी मासा पाण्यावर उलटा तरंगताना दिसला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

माशाचं पोट भरलंय की नाही, हे त्याच्या तोंडावरून कधीच कळत नाही. काच पुसणं, पाणी बदलणं मला सहज जमतं. त्या उघड्या तोंडांसमोर हात आवरणं मात्र अजूनही जड जातं. मायेला आवरतं घेणं किती कठीण! आठवड्यातून एक दिवस माशांना काहीच द्यायचं नाही, असं मी म्हटल्यावर वार सासूबाईंनीच ठरवला. सोमवार, त्यांच्या स्वतःच्या उपासाचा.

काल शेजारच्या काकू आल्या. मासे काचेकडे धावले. "अगंबाई, भुकेलीत की बिचारी!" म्हणत काकूंनी बशीतलं बिस्किट मोडलं. सासूबाईंनी पटकन त्यांचा हात धरला. मागे टाकीतलं पाणी इतकं नितळ होतं, की तळातला खडा न् खडा दिसत होता.

"नको हो, आज सोमवार," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "आमच्याकडे सगळे पाळतात."