बाल्कनीचा जिना

दोहामध्ये मी अकरा वर्षं बस चालवतोय. एका हॉस्पिटलच्या स्टाफला सकाळी घरून उचलायचं आणि ड्यूटी संपली की परत सोडायचं, हे माझं काम. राहायला बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत, एका खोलीत आम्ही चौघे. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी कपडे धुऊन झाले, जेवण उरकलं की बाकीचे तिघे आडवे होतात आणि मी सिनेमाला जातो.

मॉलमधल्या नाही. अल नस्र भागाच्या मागच्या बाजूला, शिंप्यांच्या आणि मोबाईलच्या दुकानांच्या गल्लीत एक जुनं थिएटर आहे, एकाच पडद्याचं. इमारत कोपऱ्यावर आहे, पण तिचा कोपरा टोकदार नाही, गोल वळवलेला आहे. समोरून पाहिलं की धक्क्याला लागलेल्या बोटीचं तोंड वाटतं. दर्शनी भिंतीवर तीन जाड आडव्या पट्ट्या त्या वळणावरून सरळ पलीकडच्या बाजूला जातात. वर बोटीला असतात तशा गोल खिडक्या आणि मधोमध एक उंच उभा खांब, त्यावर अरबीत आणि इंग्रजीत थिएटरचं नाव. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे सरकारी ऑफिस वाटलं होतं. पोस्टर दिसलं म्हणून आत गेलो, आणि मग जातच राहिलो.

तिथे एक नियम होता. शुक्रवारी बाल्कनी फक्त फॅमिलीसाठी. बॅचलर लोकांनी खाली बसायचं. बॅचलर म्हणजे लग्न न झालेला असं नाही. ज्याची बायकापोरं इथं नाहीत तो प्रत्येक जण इथं बॅचलर. माझी मोठी मुलगी आता दहावीला आहे, तरी मी बॅचलरच. बाल्कनीच्या जिन्याच्या तोंडाशी एक जाड लाल दोर अडकवलेला असे आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मॅनेजर बसलेले असत. पांढऱ्या मिशांचे, केरळचे वयस्कर गृहस्थ. मला पाहिलं की ते काही न बोलता हाताने खालचा दरवाजा दाखवत. मीही मान हलवून आत जाई. आमची एवढीच ओळख, पण अनेक वर्षांची.

मागच्या हिवाळ्यात माझी बायको महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर आली. जागेची अडचण माझ्या बसमधल्या एका बाईंनी सोडवली. त्या वसईच्या, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतात. नाताळासाठी त्या नवऱ्याबरोबर गावी चालल्या होत्या. उतरताना त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "भाऊ, फ्लॅट रिकामाच हाय. वहिनींना आणा. झाडांना पाणी घाला, बस." त्यांचा फ्लॅट अल नस्रलाच, थिएटरपासून चालत पाच मिनिटांवर.

पहिले काही दिवस आम्ही फिरलो. तिला समुद्राकाठी नेलं, द पर्लला नेलं. तिथल्या बोटी आणि दुकानं पाहून ती म्हणाली, "लई चकाचक हाय. पर हितं बसायचं कुठं?" शेवटी आम्ही एका कठड्यावर बसून घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या.

शुक्रवार आला. मी म्हणालो, "चल, सिनेमाला जाऊ."

"दोघंच?"

"दोघंच."

लग्नानंतर आम्ही एकदाच थिएटरला गेलो होतो, तेही घरातली आठ माणसं मिळून. ती माझ्या बहिणींमध्ये बसली होती आणि मी दुसऱ्या टोकाला चुलत्यांजवळ. त्यानंतर मी इकडे आलो. तिने बॅगेतून मोरपंखी साडी काढली, ती इस्त्री केली आणि चारच्या खेळासाठी अडीच वाजताच तयार होऊन बसली.

तिकिटं घेऊन आम्ही आत गेलो. मी सवयीने खालच्या दरवाज्याकडे वळलो, मग थांबलो आणि जिन्याकडे गेलो. मॅनेजरांनी वर न बघताच हात दाखवला. "भाई, नीचे."

मी म्हणालो, "फॅमिली."

त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खुर्चीतून उठले, शर्ट नीट केला, लाल दोर आकड्यातून काढला आणि बाजूला धरून उभे राहिले. "वेलकम, मॅडम," ते म्हणाले. मला म्हणाले, "इतने साल में पहली बार." त्यांनी लक्षात ठेवलं होतं हे मला तेव्हा कळलं.

जिना चढताना बायकोने विचारलं, "पहिली बार म्हंजी? तुमी तर दर शुक्रवारी येताय म्हनला."

मी तिला बॅचलरचा नियम सांगितला. ती अर्ध्या जिन्यात थांबली. "दोन पोरांच्या बापाला बॅचलर म्हनत्यात?" तिला हसू आवरेना. कठडा धरून ती हसत राहिली.

तो कठडाही बघण्यासारखा होता. पितळेचा, हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला, आणि जिन्याबरोबर तोही गोल वळत वर गेलेला. पायऱ्या मोझॅकच्या, काळ्या आणि हिरव्या. वरच्या चौकात जमिनीवर उघडलेल्या पंख्याची नक्षी होती. भिंतीवरचे दिवे शिंपल्यांच्या आकाराचे. अकरा वर्षं मी याच छपराखाली बसत होतो आणि माझ्या डोक्यावर हे सगळं आहे याचा मला पत्ता नव्हता.

आम्ही खाली वाकून पंखा बघत होतो, तोवर मॅनेजर मागून वर आले. तिला बघायला आवडतंय हे पाहून त्यांना उत्साह आला. ते सांगू लागले. थिएटर एकाच कुटुंबाचं आहे. मालकाचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जायचे. तिथली समुद्राजवळची गोल कोपऱ्यांची सिनेमागृहं त्यांच्या मनात भरली. परत आल्यावर त्यांनी नकाशा काढणाऱ्याला कागदावर चित्र काढून दिलं, मला असंच पाहिजे म्हणून. आजूबाजूची जुनी घरं पडली, टॉवर आले, पण मुलाने हे विकलं नाही. मग भिंतीवर हात ठेवून मॅनेजरांनी या बांधणीचं नाव सांगितलं, "मॅडम, आर्ट डेको."

बायकोने भिंतीकडे पाहिलं. मग छताकडे. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ते म्हनत्यात आता देखो. मगापासनं बघतीयच की. अजून काय बघू?"

मी त्यांना ते सांगितलं. त्यांनाही हसू आलं. ते म्हणाले, "बराबर है. मतलब वही है."

बाल्कनीत आम्हाला पुढची रांग मिळाली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरमध्ये उगवत्या सूर्याची किरणं काढलेली होती, वरपर्यंत गेलेली. खालून ती मला नेहमी तुटक दिसायची. इथून पूर्ण दिसत होती. बायकोने पुढच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि खाली बसलेल्या माणसांकडे पाहिलं. "तुमी कुठं बसता?" मी तिला जागा दाखवली, डावीकडून तिसरी. ती बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत होती. तिथे कुणीतरी एक जण एकटाच मोबाईल बघत बसला होता.

दिवे गेले. पडद्यावर नावं यायला लागली. अक्षरं मल्याळम होती. बाहेरचं हिंदी पोस्टर पुढच्या आठवड्याचं होतं. मी घाईत वाचलंच नव्हतं. खाली इंग्रजी पट्टी येत होती, पण ती इतकी भरभर जायची की मला दोन शब्द लागेपर्यंत तिसरं वाक्य यायचं. तिला तर इंग्रजी येतच नाही.

"चुकलं गं," मी म्हणालो. "आपण जाऊ. दुसरीकडं काही खाऊ."

"कशाला?" ती म्हणाली. "बसा की. मी सांगते तुमाला काय चाललंय ते."

आणि तिने खरंच सांगायला सुरुवात केली. माझ्या कानाशी तोंड आणून, हळू आवाजात. पडद्यावर दोन म्हातारे, दोन घरं, मध्ये फणसाचं मोठं झाड. "हे दोघं भाऊ हायती. झाड बांधावर हाय. आता भांडणार." ते भांडले. "बघा." मग मिशीवाल्या म्हाताऱ्याच्या घरातून हिरव्या साडीतली एक तरुण बाई बाहेर आली. "ही त्येची दुसरी बायकू. पैली गेली. फोटोला हार हाय बघा." हिरव्या साडीतली बाई चोरून होडीवाल्याकडे बघू लागली. बायकोने कपाळाला हात लावला. "अगं बया. नवरा घरात असताना? हे काय बरं न्हाई. आता म्हातारा कोयता काढतोय बघा."

म्हाताऱ्याने खरंच कोयता काढला, पण फणस कापायला. मला हसू फुटलं. तीही हसायला लागली, आणि हसू दाबण्याच्या नादात तिचा आवाज थोडा वाढला असावा. मागच्या रांगेतून कुणीतरी तिच्या खांद्यावर बोट टेकवलं.

मला वाटलं, आता बोलणी बसणार.

मागे एक तरुण बाई होती आणि तिच्या शेजारी कसवूची, म्हणजे सोनेरी काठाची पांढरी साडी नेसलेली एक म्हातारी. तरुण बाई वाकून हिंदीत म्हणाली, "दीदी, वो उसकी बीवी नहीं, बेटी है."

बायकोने पदराने तोंड झाकलं. मग जरा वेळाने मला म्हणाली, "तरीच. कोयता का न्हाई मारला त्येनं, म्हनलं."

मध्यंतराला दिवे लागले तेव्हा त्या दोघी आमच्याकडेच बघत होत्या. तरुण बाई नर्स होती, दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये. म्हातारी तिची आई, तीही महिनाभरासाठी आलेली. नर्स म्हणाली, "तुम्ही दोघं इतकं काय बोलत होता, ते अम्माला ऐकायचंय. अर्धा सिनेमा तिचं लक्ष तुमच्याकडेच होतं."

माझी बायको गावात चार माणसांत बोलायला लाजते. ग्रामपंचायतीच्या बैठकीत बायकांना बोलायला सांगितलं की ती मागे जाऊन बसते. पण इथे ती खुर्चीत उलटी वळून बसली आणि तिच्या मोडक्या हिंदीत सगळी गोष्ट सांगितली. बांध, भाऊ, दुसरी बायको, कोयता, सगळं. नर्स प्रत्येक वाक्य मल्याळममध्ये आईला सांगत होती. म्हातारी आधी गंभीरपणे ऐकत होती. दुसऱ्या बायकोपाशी आल्यावर तिचे खांदे हलायला लागले. कोयत्यापर्यंत येता येता तिने चष्मा काढला आणि डोळे पुसले. आजूबाजूच्या दोन-तीन कुटुंबांनीही माना वळवल्या होत्या.

नर्सने मग खरी गोष्ट सांगितली. ते दोघे भाऊ नव्हते, जुने मित्र होते, आणि भांडण झाडावरून नव्हतंच. एकाच्या मुलीला दुसऱ्याच्या पुतण्याशी लग्न करायचं होतं. झाड नुसतं मध्ये उभं होतं.

"न्हाई, न्हाई," बायको म्हणाली. "झाडावरनंच असणार. तुमी शेवटपतोर बघा."

म्हातारीला हे सांगितल्यावर तिने पिशवीतून केळ्याच्या वेफर्सचा पुडा काढला आणि स्वतःच्या शेजारची खुर्ची थोपटली. बायको उठून मागच्या रांगेत गेली. मी पुढे एकटाच राहिलो. उरलेला अर्धा सिनेमा मी मागून येणारी कुजबूज ऐकत पाहिला. म्हातारी मल्याळममध्ये सांगायची, बायको मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींना एकमेकींचं काहीही कळत नसताना दोघी एकाच वेळी "च्च च्च" करायच्या. शेवटी फणसाचं झाड पाडलं आणि दोन घरांमधलं अंगण एक झालं, तेव्हा मागून बायकोचा आवाज आला, "बघा, म्हनलं नव्हतं? झाडावरनंच."

बाहेर पडताना संध्याकाळचं ऊन त्या गोल भिंतीवर तिरपं पडलं होतं आणि तिन्ही पट्ट्यांखाली सावल्या उठल्या होत्या. नर्सने आम्हा चौघांचा सेल्फी काढला, मागे खांब येईल असा. म्हातारीने बायकोचा हात सोडला नव्हता. नर्सचा फ्लॅट मागच्याच गल्लीत होता. तिने जेवायला बोलावलं आणि आम्ही त्याच आठवड्यात गेलोही. बायकोने भाकऱ्या आणि ठेचा नेला. अम्माने मासे केले होते. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर अम्मा पाच मिनिटं पाणी पीत होती, तरी दुसऱ्यांदा मागून घेतला.

पुढच्या शुक्रवारी ठरल्याप्रमाणे हिंदी सिनेमा होता. बायकोला सगळं समजलं. घरी येताना मी विचारलं, "कसा वाटला?"

"बरा हाय," ती म्हणाली. "पर सगळं तेच सांगत्यात. आपल्याला करायला काय ठेवतच न्हाईत." त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा मल्याळम लागला, तेव्हा आम्ही अम्माला आणि नर्सला घेऊन गेलो. मॅनेजरांनी आम्ही जिन्याशी पोचायच्या आधीच दोर काढून ठेवला होता. या वेळी बायकोने एका पोलिसाला चोर ठरवलं, आणि तो खरोखरच चोर निघाला. तिचा रुबाब दोन दिवस टिकला.

महिना संपला. विमानतळावर ती रडेल असं मला वाटलं होतं. ती मात्र मला झाडांना पाणी घालायची आठवण करत होती. वसईच्या बाई अजून परतल्या नव्हत्या. काउंटरपाशी जाताना तिने फक्त एकदा मागे वळून पाहिलं आणि हात केला.

अम्माही नंतर केरळला परतली. आता दर रविवारी दुपारी ती माझ्या बायकोला व्हिडिओ कॉल करते. परवा सुट्टीत मी गावी होतो तेव्हा ते पाहिलं. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, बायको शेंगा निवडतेय, पलीकडे अम्मा भाजी चिरतेय. अम्मा काहीतरी लांबलचक सांगत होती. बायको मधूनमधून "मग?" म्हणत होती. मी विचारलं, "काय म्हणतात गं त्या?"

"सुनंबद्दल सांगत्यात," ती शेंगांवरून नजर न काढता म्हणाली. "लई सोसलंय त्यांनी."